गर्दीतली लोनी

लोनी पहिल्यांदा मंचावर उभी राहिली तेव्हा तिचं डोकं गाढवाच्या पोटापर्यंत पोचत होतं.

आमच्या हिंटरआख गावात यात काही नवल नाही. आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याला खेळात घेतात. फार जुन्या काळी महामारी आली, त्यातून वाचलेल्यांनी देवाला नवस बोलला की दर दहा वर्षांनी येशूच्या दुःखभोगाचा खेळ करू, आणि तो नवस गाव अजून फेडतंय. इथे जन्माला आलेला प्रत्येक जण नट. सुतार रोमन सुभेदार पिलात होतो, पोस्टातला माणूस पैशासाठी येशूला पकडून देणारा यहूदा होतो, आणि उन्हाळाभर खेळ करून झाला की दोघं परत आपापल्या कामाला लागतात. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, पुरुष केसांना कात्री लावत नाहीत. बाहेरच्या माणसाला वाटतं, या गावातला न्हावी मेला की काय.

तर लोनी. बाप्तिस्म्याचं नाव अपोलोनिया, पण त्या नावाने तिला फक्त फादर हाक मारायचे. त्या वेळच्या खेळात येशू होता किलियन दूधवाला. तो गाढवावर बसून यरुशलेमात शिरतो आणि शेकडो माणसं डहाळ्या हलवत होसान्नाचा जयजयकार करतात, असा पहिला प्रवेश. बाकीची पोरं ढकलाढकली करत होती, एक तर चक्क डहाळीची पानं चावत होतं. लोनी जागच्या जागी थांबली. डहाळी खाली पडली, तोंड उघडं, आणि नजर किलियनवर. गाढव पुढे गेलं तरी ती हलली नाही.

"समोर पाच हजार माणसं बसलेली," किलियन नंतर बिअरच्या बाकावर सांगायचा. "त्यांच्या लेखी मी सोंग काढलेला दूधवाला. त्या एका कार्टीच्या लेखी मी खरा होतो. मला घाम फुटला. वाटलं, उतरावं आणि घरी जावं."

पुढे किती तरी दिवस किलियन दूध घेऊन दारात आला की ही पोर उठून उभी राहायची. आई म्हणायची, "अगं, किलियनकाका आहे, घे बरणी." ती हात पुढे करायची नाही. देवाच्या हातून दूध कसं घ्यायचं? शेवटी किलियनची बायको दूध घालायला येऊ लागली. सगळं गाव पोट धरून हसलं. कास्परला मात्र ही गोष्ट कधी हसण्यावारी नेता आली नाही.

कास्पर म्हणजे लोनीचा नवरा. तेव्हा अर्थात तोही पोरच होता. मोठा झाल्यावर छपरं शाकारायला लागला, लाकडी फळ्यांची, आपल्या बापासारखी. गालावर दाढी धड उगवायची नाही, इथे झुपका तर तिथे उजाड. मग अशा माणसाला शिष्य कोण करणार? रोमनांना दाढी करायची मुभा असते, म्हणून गावाने त्याला कायमचा रोमन शिपाई करून टाकला. पिलाताच्या पायऱ्यांवर भाला घेऊन उभं राहायचं आणि गर्दी पुढे सरकली की म्हणायचं, "मागे हटा." एवढं एकच वाक्य. त्या वाक्यावर कास्परने जन्म काढला आणि वर तक्रारही केली नाही.

लोनीचं तसं नव्हतं. चौदाव्या वर्षी ती गर्दीत होती आणि तेव्हाच ब्लासिउस मास्तर, म्हणजे शाळेचे मास्तर आणि खेळाचे दिग्दर्शकही, तिच्याकडे डोळे बारीक करून बघायला लागले होते. चोविसाव्या वर्षी तिला मरीया मिळाली. येशूची आई.

बेथानी गावात मुलगा आईचा निरोप घेतो तो प्रवेश. मुलगा जाणार आणि मरणार हे आईला कळून चुकलेलं असतं. आजवरच्या सगळ्या मरीया तिथे टाहो फोडायच्या. काही जणी इतका फोडायच्या की मागच्या कुरणातल्या गाई उत्तर द्यायच्या. लोनी रडली नाही. तिने मुलाच्या बाहीवरची धूळ झटकली. मग परत झटकली. धूळ राहिलीच नव्हती, तरी ती झटकत राहिली, सावकाश, आणि वाक्यं बोलत राहिली, उद्या जेवायला येणार का असं विचारावं तशा आवाजात. आडोशाला उभ्या असलेल्या कास्परच्या अंगावर सरसरून काटा आला. पुढच्या रांगेतला एक जाडजूड माणूस टोपी तोंडात कोंबून हुंदका दाबत होता. कास्परला भीतीही वाटली, कारण या बाईला त्याने आदल्याच आठवड्यात लग्नाचं विचारलं होतं.

"हे कुठून आणलंस?" मास्तरांनी नंतर विचारलं.

"रेझलकाकूकडून," लोनी म्हणाली. "तिचा मुलगा झाड तोडताना त्याखाली चिरडून गेला ना, त्याला घरी आणला तेव्हा ती त्याच्या बाहीवरचा भुसा झटकत होती."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, आणि न घालताच निघून गेले.

आता मुद्द्याचं. आमच्या खेळात बाईला मंचावर यायचं तर ती बिनलग्नाची हवी आणि पस्तिशीच्या आतली हवी. असा नियम. कुणी केला, का केला, विचारू नका, मेलेल्या माणसांनी केला. त्यामुळे खेळाच्या वर्षी गावात एक लग्न होत नाही आणि पुढच्या हिवाळ्यात इतकी होतात की फादरांचा घसा बसतो. लोनी थांबली असती तर चौतिसाव्या वर्षी तिला पुन्हा मरीया मिळाली असती. हेच सांगायला ब्लासिउस मास्तर घरी आले. कास्पर तिथेच चुलीजवळ बसला होता, पण मास्तरांनी त्याला हिशेबात धरलं नाही.

"दहा वर्षं कळ काढ, लोनी. नवरे काय, कुठल्याही छपरावर सापडतात."

"ऐकतोय मी, मास्तर," कास्पर म्हणाला.

"ऐक की. तुझ्यासाठीच बोलतोय. तू हिच्याशी लग्न केलंस तर गाव तुला काय म्हणेल, माहितीये?"

कास्परला माहीत होतं. तो उठला आणि खाली मान घालून म्हणाला, "थांब तू, लोनी. मी थांबेन."

लोनी हसली. "दहा वर्षं? तोवर डोक्यावर केस राहतील का तुझ्या? दाढीचा तर आनंदच आहे." मग मास्तरांकडे वळली. "मला आईचं सोंग करायला सांगता, मास्तर, आणि आई होऊ नको म्हणता. हे कसं जमायचं?"

त्या हिवाळ्यात लग्न झालं. मंच संपला. पुढच्या खेळाला ती चौतीस वर्षांची, बोटाशी पोरगी आफ्रा, आणि मरीया झाली होती पोस्टमास्तरांची धाकटी. लोनीने तिचा झगा शिवला. त्याच्या पुढच्या खेळाला आणखी कुणाचा तरी शिवला. सुई उत्तम चालायची तिची. खेळाच्या दिवशी मात्र ती कपडे पोचते करून सरळ घरी यायची आणि चूल घासायला घ्यायची, आधीच घासलेली. कास्पर शिरस्त्राण काखेत मारून संध्याकाळी परतायचा तेव्हा ती विचारायची, "आज निरोपाचा प्रवेश कसा झाला?" तो म्हणायचा, "झाला." यापलीकडे त्या घरात खेळाविषयी बोलणं नव्हतं. तिने एकदा तरी भांडावं, ताट आपटावं, तुझ्यापायी गेलं म्हणावं, असं कास्परला फार वाटायचं. ती कधीच म्हणाली नाही, आणि ते त्याला जास्त लागायचं.

मग गावातल्या तीन बायका कोर्टात गेल्या. गावचे पंच तिथे म्हणाले, आमचा पूर्वापार नियम आहे. त्यावर एक बाई उभी राहून म्हणाली, "साहेब, मरीयाचंही लग्न झालं होतं." म्हणतात, न्यायाधीशाला हसू आवरेना. नियम गेला. लग्न झालेल्या, म्हाताऱ्या, विधवा, सगळ्या बायकांना मंच मोकळा झाला. तेव्हा लोनी पन्नाशी ओलांडून गेली होती.

गावात चर्चा एकच. आता मरीया लोनी. तेहतीस वर्षांचा मुलगा गमावणारी बाई इतकी वर्षं चोवीस वर्षांची दाखवत होतो, आता कुठे ती खरी दिसेल. बेकरीत, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे हेच. लोनी काही बोलायची नाही, पण त्या हिवाळ्यात बटाटे सोलता सोलता तिचे ओठ हलायचे आणि कास्परला कळायचं की निरोपाचा प्रवेश चाललाय. त्याने आयुष्यात स्वतःसाठी देवाकडे काही मागितलं नव्हतं. आता रोज सकाळी शिडी चढण्याआधी मागायला लागला. हिचं हिला परत मिळू दे, बस.

नावं जाहीर होतात ती नाट्यगृहासमोरच्या काळ्या फळ्यावर, खडूने, सगळ्या गावादेखत. त्या दिवशी बर्फ पडत होता आणि लिहिणारा माणूस दर नावाआधी फळा बाहीने पुसत होता. पिलात. टाळ्या. यहूदा. हशा, कारण नाव एका सावकाराच्या पोराचं होतं. मरीया. कास्परने लोनीचा हात धरला. खडू चालला, आणि फळ्यावर त्यांचंच आडनाव उमटलं. कास्परचा श्वास मोकळा झाला. त्यापुढे लिहिलं होतं, आफ्रा.

त्यांची मुलगी. बालवाडीत शिकवणारी, सव्वीस वर्षांची. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी वाजवता वाजवता थांबलं. लोनीने कास्परच्या हातातून आपला हात सोडवला आणि टाळ्या वाजवल्या. तिचं नाव फळ्यावर नव्हतंच. गर्दीतल्या माणसांची नावं फळ्यावर लिहीत नाहीत.

त्या रात्री जेवणाच्या टेबलाशी आफ्रा रडवेली होऊन म्हणाली, "आई, मी उद्या सेवरिनला नाही म्हणून सांगते." सेवरिन म्हणजे नवा दिग्दर्शक.

"सांगून बघ," लोनी म्हणाली. "या घरात पाऊल ठेवायचं नाही मग."

"पण ते तुझं होतं."

"माझं कुठलं? मरीयाचं आहे ते. बटाट्याचे गोळे गार होतायत, खा."

कास्परचा संताप मावत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो सेवरिनला गाठायला निघाला तर लोनीने त्याची टोपीच लपवून ठेवली. आणि स्वतः जाऊन गर्दीत नाव नोंदवून आली. लोकांना वाटलं, ही आता घरी बसेल, तोंड दाखवणार नाही. ही पहिल्या तालमीला सगळ्यांच्या आधी हजर.

आफ्राची मरीया काही केल्या उभी राहीना. पोरगी गुणी होती, वाक्यं चोख, आवाज गोड, पण लाकूड. सेवरिन घसा खरवडून थकला. गावही कुजबुजायला लागलं.

"जरा शिकव की तिला," कास्पर म्हणाला.

"काय शिकवू? बाही झटकायला? ती माझी झाली. तिला तिची सापडायला हवी."

"मग तसं सांग तरी."

"सांगून होत असतं का ते?" लोनी म्हणाली आणि कोट घालून बाहेर पडली. दर गुरुवारी ती अशी जायला लागली होती, झेंटाबरोबर बसने, शहरात. झेंटाचा मुलगा बिअरच्या जत्रेत एकाला भोसकून तिथल्या तुरुंगात बसला होता. गावात झेंटाशी कुणी फारसं बोलत नसे. कास्परने विचारलं, "तू कशाला जातेस?" लोनी म्हणाली, "सोबत." त्याला वाटलं, स्वतःचं दुःख विसरायला बाई दुसऱ्याचं धरून बसलीये, बसू दे.

तालमीत लोनी पिलाताच्या पायऱ्यांखाली उभी राहायची, नेहमी त्याच जागी, कास्परच्या भाल्यापासून हातभर अंतरावर. बाकीचे ओरडायचे, ही गप्प. सेवरिन एकदा म्हणाला, "लोनीबाई, ओरडा की हो."

"ओरडेन," ती म्हणाली. "अजून मला कळलेलं नाही."

सेवरिनने तिच्याकडे बघितलं आणि परत कधी टोकलं नाही. पोरगं तसं समजूतदार होतं, फळ्यावरच्या नावाचा आमचा राग बाजूला ठेवला तर.

पहिल्या खेळाच्या दिवशी सकाळपासून ढग उतरले होते. आमचा मंच उघडा, प्रेक्षकांवर छप्पर, नटांवर आभाळ. पिलाताचा प्रवेश येईतो पाऊस सुरू झाला होता. सणाच्या दिवशी एक कैदी सोडायची पिलाताची रीत. एका बाजूला येशू, चाबकाने फोडलेला. दुसऱ्या बाजूला बरब्बा, दरोडेखोर, खुनी. तो होता क्वीरिन, आमचा वायरमन, साखळ्या खुळखुळवत दात विचकत उभा. कुणाला सोडू, पिलात विचारतो. गर्दी ओरडते, बरब्बा. दर दहा वर्षांनी ओरडते. येशूच्या द्वेषाने ओरडते, आजवर सगळ्यांनी हेच धरलेलं.

"कुणाला सोडू?" पिलाताने विचारलं.

आणि कुणी तोंड उघडायच्या आत पायऱ्यांखालून एक आवाज आला, "बरब्बा."

ओरडणं नव्हतंच ते. भीक होती. लोनी दोन्ही हात वर करून क्वीरिनकडे बघत होती, येशूकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. "बरब्बा," ती परत म्हणाली, आणि आवाज फाटला. तुरुंगाच्या जाळीपुढे गुरुवारी गुरुवारी उभी राहणारी बाई होती ती, मुलाने काय केलंय हे पुरतं जाणणारी, आणि तरीही त्याच्यासाठी हात पसरणारी. कास्परच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही याची आई आहे. बरब्बाला आई असणारच. इतक्या शेकडो वर्षांत, इतक्या खेळांत, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

गर्दीला काय झालं कुणास ठाऊक. ती शेकडो माणसं ओरडली, पण ओरडणं वेगळंच निघालं, लाज वाटल्यासारखं, तिच्यासाठी ओरडल्यासारखं. लोनी पायरी चढली. इथे कास्परने मागे हटा म्हणायचं होतं. त्याने भाला बाजूला घेतला आणि तिला वाट दिली.

साखळ्या सुटल्या. क्वीरिनने हसत पळून जायचं, असं ठरलं होतं. तो पळाला नाही. ही बाई समोर आली, तिने त्याचा चेहरा दोन्ही तळहातांत धरला, मग आपली ओली शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली, आणि तो दांडगा वायरमन लहान पोरासारखा रडायला लागला. नाटकातलं रडू नव्हतं ते, त्याने मला स्वतः सांगितलंय. ती त्याला धरून गर्दीतून घेऊन निघाली. आणि वाटेत मरीया उभी होती.

दोघी समोरासमोर आल्या. लोनीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता, आणि आपल्यासमोर कोण उभी आहे हे कळल्यावर तो कुठे लपवावा हे तिला कळेना. मग मुलाला घट्ट धरून, मान खाली घालून, झपझप निघून गेली. मंच ओलांडून, पडद्याआड.

तेव्हा आफ्राच्या तोंडून तो आवाज निघाला. त्याला काय नाव द्यायचं मला माहीत नाही. कास्पर म्हणतो, ती जन्मली त्या रात्री लोनी असा आवाज करत होती. तिथून पुढे क्रूसापर्यंत आफ्राने जी मरीया केली, ती बघितलेले लोक आजही तिच्याविषयी बोलताना आवाज खाली घेतात. या रक्ताचा दोष माझ्यावर नाही असं म्हणत पिलाताला हात धुवायचे होते, ते तो विसरला.

बरब्बाबरोबर मंच सोडल्यावर पुढे काम उरलं नव्हतं, म्हणून लोनी लवकर घरी आली होती. कास्पर आणि आफ्रा पोचले तेव्हा ती स्टुलावर बसून पाय गरम पाण्यात घालून होती. कास्परने तिच्या पाठीवर कोरडं पांघरूण घातलं आणि चुलीत लाकूड सारलं. आफ्रा दारातच थांबली, अजून मरीयाच्या झग्यात, केसांतून पाणी गळतंय.

"आई, तू माझ्याकडे बघितलंस ना, तेव्हा मला तुझा राग आला," ती म्हणाली. "खेळातला नाही. खराच. तुला ओरबाडावंसं वाटलं."

"वाटायलाच हवं," लोनी म्हणाली.

"आणि तुला? तुला माझ्यासाठी काहीच नाही वाटलं?"

लोनीने पाण्यातले पाय जरा हलवले.

"वाटलं ना गं. जीव तुटला. पण माझं पोर सुटलं होतं, आफ्रा. मी थांबणार कशी?"